डाउनलोड दरवेळी अर्ध्यात तुटतं? डाउनलोड मॅनेजर निवडण्याआधी ते कुठे तुटतं ते बघा

गेल्या पावसाळ्यात चिपळूणजवळ बहिणीकडे गेलो होतो. भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला घरच्या कॉम्प्युटरवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली, टाकायचं होतं. ती ज्यातून इन्स्टॉल होते ती आयएसओ फाइल सहा जीबीच्या आसपास. चार दिवसांत तिने ती चार वेळा सुरू केली होती आणि चारही वेळा ती मध्येच तुटली होती. मी पडवीत चपला काढतोय तोवर आतून आवाज आला, "मामा, परत गेलं! ब्याण्णव टक्के झालं होतं हो." स्क्रीनवर 'फेल्ड, नेटवर्क एरर'. कॉलेजातल्या मित्रांनी तिला एकच उपाय सांगितला होता: इंटरनेट डाउनलोड मॅनेजर टाक, म्हणजे ब्राउझरऐवजी डाउनलोड सांभाळणारं वेगळं सॉफ्टवेअर. त्याच्या क्रॅकची, म्हणजे पैसे न देता चालावी म्हणून फोडलेल्या प्रतीची, लिंकही ग्रुपवर पाठवून दिली होती.

ती लिंक बाजूला ठेवून मी तिला आधी डाउनलोड्सचं फोल्डर उघडायला लावलं. तिथे एकाच फाइलचे चार अर्धवट तुकडे पडले होते, प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड'. चौघांचे मिळून चौदा जीबी. दोन पूर्ण फाइली होऊन वर उरेल एवढा डेटा घरात आला होता आणि हातात एकही धड फाइल नव्हती. डाउनलोड तुटलं की ती वेबसाइटवर जाऊन बटण नव्याने दाबायची, आणि क्रोम शून्यापासून दुसरी फाइल सुरू करायचा. क्रोमच्या डाउनलोडच्या यादीत त्याच फाइलच्या ओळीत 'रिझ्यूम' दिसत होतं, पण तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. दाबलं, आणि ब्याण्णवच्या पुढे काटा हलला.

पाच मिनिटांनी पुन्हा तुटलं.

हे 'पुन्हा तुटलं' ज्यांच्या घरी रोजचं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. कोणता मॅनेजर घ्यावा हे शेवटी येईलच. पण डाउनलोड का तुटतं हे कळल्याशिवाय मॅनेजर टाकला, तर तोही त्याच जागी तुटेल.

वेळ आणि टक्का लिहून ठेवा

भाचीला म्हटलं, आता प्रत्येक वेळी तुटलं की किती वाजले आणि किती टक्के झाले होते ते लिही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवारच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, तिने लिहिलं: ११.१० ला ९४. १२.०५ ला ९५. १.२० ला ९७. तिन्ही वेळा बाहेर पाऊस आणि ट्यूब एकदा मिचकलेली. घरात इन्व्हर्टर आहे, कॉम्प्युटरला यूपीएस आहे, त्यामुळे 'लाइट गेलीच नव्हती' असं सगळेच सांगत होते. राउटर मात्र टीव्हीच्या मागच्या ज्या प्लगला होता, त्या प्लगला इन्व्हर्टरची लाइनच नव्हती. लाइट क्षणभर गेली की राउटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा आणि नेट परत यायला दोन-तीन मिनिटं जायची. वायफायची खूण कोपऱ्यात तशीच परत दिसायची म्हणून कुणाला शंका आली नाही. एक एक्स्टेंशन बोर्ड घेऊन राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर नेला आणि निम्मं दुखणं तिथेच संपलं. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज आणि अँपिअर वाचून घ्या, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो. एकाला देऊन उपयोग नाही.

टक्के दर वेळी वेगळे आणि वेळा विजेशी किंवा नेटशी जुळणाऱ्या असतील, तर दोष लाइनमध्ये आहे आणि तिथे मॅनेजर खरोखर कामाला येतो. पण यादीत दुसरंच काही दिसलं तर थांबा.

दर वेळी चार जीबीच्या अगदी जवळ जाऊन थांबत असेल, तर फाइल कुठे साठवताय ते बघा. पेनड्राइव्ह किंवा जुनी बाहेरची हार्ड डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर तिच्यावर ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या वरची एक फाइल मावतच नाही. डिस्कवर शंभर जीबी मोकळे असले तरी नाही. जगातला कुठलाही मॅनेजर इथे काही करू शकत नाही. डिस्कवरचा डेटा दुसरीकडे काढून ठेवा आणि ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, किंवा फाइल आधी कॉम्प्युटरवर उतरवा.

टक्के वेगळे पण तुटण्याची वेळ ठरलेली, म्हणजे सुरू केल्यापासून बरोबर तासाभराने किंवा अर्ध्या तासाने? मग दोन संशयित. एक म्हणजे कॉम्प्युटर झोपतोय. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' किती मिनिटांवर आहे ते बघा आणि मोठं डाउनलोड चालू असेपर्यंत 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर चालतं, कॉम्प्युटर झोपलेला चालत नाही. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी बहुतेक ठिकाणी तो झोपतो, हे रात्री डाउनलोड लावून निजणारे विसरतात. दुसरा संशयित म्हणजे मुदतीची लिंक, तिच्याबद्दल पुढे.

नव्याण्णव किंवा शंभर टक्क्यांवर लटकत असेल तर ते बहुधा तुटणं नसतंच. अँटिव्हायरस पूर्ण फाइल तपासत असतो, आणि जुन्या हार्ड डिस्कवर सहा जीबी तपासायला वेळ लागतो. काही मॅनेजर फाइलचे तुकडे सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि शेवटी जोडून तुम्ही सांगितलेल्या जागी नेतात. इंटरनेट डाउनलोड मॅनेजरची मूळ सेटिंग अशीच आहे. सी ड्राइव्ह लहान एसएसडीचा असेल आणि त्यावर जागा नसेल, तर तुम्ही डी ड्राइव्ह निवडलेला असूनही डाउनलोड शेवटच्या पायरीवर पडतं. तात्पुरतं फोल्डर सेटिंगमधून मोठ्या ड्राइव्हवर हलवता येतं.

आणि एक: दोन जीबीची फाइल दोन सेकंदांत 'पूर्ण' झाली आणि आकार काही केबी दिसतोय. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. बहुतेक वेळा आत लॉगिनचं पान असतं. ब्राउझरमध्ये तुम्ही लॉगिन केलेलं असतं, मॅनेजरने केलेलं नसतं. सर्व्हरला तो अनोळखी वाटतो आणि फाइलऐवजी दाराची पाटी हातात देतो.

रिझ्यूम कशाच्या जोरावर होतं

तुटलेलं डाउनलोड पुढे चालू होतं ते तुमच्या सॉफ्टवेअरच्या हुशारीवर नव्हे, सर्व्हरच्या तयारीवर. ब्राउझर किंवा मॅनेजर सर्व्हरला सांगतो, 'माझ्याकडे पहिले पाचशे कोटी बाइट आहेत, त्यापुढचे दे.' सर्व्हरला हे जमत असेल तर तो २०६ क्रमांकाचं उत्तर देतो, म्हणजे 'हा घे मागितलेला तुकडा'. जमत नसेल तर साधं २०० देतो आणि पूर्ण फाइल पहिल्यापासून वाहायला लागते. त्याशिवाय सर्व्हर फाइलला एक खूणचिठ्ठी लावतो. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली तर ही खूण जुळत नाही, आणि चांगला मॅनेजर जुन्या धडाला नवं शेपूट न जोडता पुन्हा सुरुवात करतो. अशा वेळी शून्यापासून सुरू झालं म्हणून चिडू नका, त्याने तुम्हाला खराब फाइलपासून वाचवलेलं असतं.

सर्व्हर रिझ्यूम देतो का हे मोठी फाइल लावण्याआधीच तपासून घ्यावं. पॉज करून पुन्हा चालू करणं ही खरी परीक्षा नव्हे. ब्राउझरमध्ये पॉज केलं तरी सर्व्हरशी जोडलेली तार काही वेळ तशीच राहते, म्हणून पुढे चालू झालेलं दिसतं. शंभर-दीडशे एमबी उतरू द्या, मग वायफाय बंद करा, पूर्ण एक मिनिट थांबा, वायफाय चालू करून रिझ्यूम दाबा. आकडा होता तिथून पुढे गेला तर निर्धास्त राहा. शून्यावर आला तर मॅनेजर बदलून फरक पडणार नाही. त्या फाइलसाठी दुसरा मिरर (तीच फाइल ठेवणारा दुसरा सर्व्हर) किंवा टोरंट शोधा, टोरंटबद्दल पुढे.

भाचीची दुसरी अडचण इथेच निघाली. आयएसओ रिझ्यूम होत होती, पण क्लासच्या लेक्चरांची रेकॉर्डिंग्ज कधीच होत नव्हती. त्या पोर्टलची लिंक बघितली तर भलीमोठी, पोटात मुदत आणि सही असलेली. अशा लिंकला ठरावीक वेळ असतो. वेळ टळली की सर्व्हर ४०३ देतो, म्हणजे 'तुला परवानगी नाही'. काही लिंका तुमच्या नेटच्या पत्त्यालाही बांधलेल्या असतात. राउटर बंद होऊन चालू झाला की हा पत्ता बदलू शकतो, म्हणजे मुदत शिल्लक असूनही लिंक मेलेली. यावर उपाय आहे, आणि तो मॅनेजर निवडताना माझ्यासाठी पहिला निकष आहे: अर्धवट फाइल तशीच ठेवून तिला नवी लिंक देता आली पाहिजे. इंटरनेट डाउनलोड मॅनेजरमध्ये यासाठी 'रिफ्रेश डाउनलोड अ‍ॅड्रेस' आहे. आरिया२ या कमांडवर चालणाऱ्या मोफत मॅनेजरमध्ये फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी 'आरिया२' लिहिलेली एक छोटी फाइल तयार होते. कुठपर्यंत काय उतरलं याची नोंद तिच्यात असते. ती जागेवर असेल, तर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने नवी लिंक दिली की काम पुढे चालू होतं. अनेकजण ती कचरा समजून उडवतात आणि मग रिझ्यूम होत नाही म्हणतात.

सोळा कनेक्शन म्हणजे सोळापट वेग नव्हे

मॅनेजर विकणाऱ्या प्रत्येक पानावर वेगाचा दावा असतो. आधी घरचं गणित करा. नेटची कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये दाखवते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. ४० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला पाच मेगाबाइट, म्हणजे सहा जीबीला साधारण वीस मिनिटं. १० एमबीपीएस असेल तर ऐंशी मिनिटं. ब्राउझर आधीच पाचच्या जवळपास देत असेल, तर नळ पूर्ण उघडलेला आहे. तोट्या वाढवून पाणी वाढणार नाही.

तुकड्यांचा फायदा होतो तो दोन ठिकाणी: सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला बांधून वेग देत असेल तेव्हा, किंवा सर्व्हर लांब आहे आणि वाटेत डेटा गळतोय तेव्हा. त्यासाठी चार कनेक्शन पुरेशी असतात. आरिया२ स्वतःच एका सर्व्हरला सोळाच्या वर जाऊ देत नाही, आणि न सांगता तो एका सर्व्हरला एकच कनेक्शन लावतो. ते मला योग्य वाटतं. मोफत सॉफ्टवेअरचे बरेचसे मिरर संस्था स्वखर्चाने चालवतात. तिथे एका घरातून सोळा-सोळा धागे ओढले की काही सर्व्हर सरळ दार लावतात, आणि मग 'या साइटवरून डाउनलोडच होत नाही' ही नवी तक्रार सुरू होते. असं झालं असेल तर कनेक्शन एकावर आणा, थोडा वेळ जाऊ द्या, मग बघा.

ज्यांनी डायल-अपचे दिवस पाहिलेत त्यांना गेटराइट आणि फ्लॅशगेट आठवत असतील. घरात कुणी फोन उचलला की नेट तुटायचं, पाच एमबीला पंधरा-वीस मिनिटं लागायची, तेव्हा या सॉफ्टवेअरने खरा आधार दिला. पण वेगासाठी मॅनेजर हवाच ही समजूत त्या काळातून आपल्या डोक्यात बसली आहे. आज ब्राउझर स्वतः रिझ्यूम करतो. महिन्यातून एखादी मोठी फाइल उतरवणाऱ्याला वेगळा मॅनेजर लागतच नाही, फक्त रिझ्यूमचं बटण ओळखीचं हवं.

मग कोणता?

लिनक्सच्या आयएसओ, लिबरऑफिस अशा गोष्टींसाठी मी मॅनेजरच्या आधी टोरंट सुचवतो. टोरंट म्हणजे चोरीचा माल, ही आपल्याकडची समजूत सोडून द्या. हे प्रकल्प स्वतःच आपल्या अधिकृत पानांवर टोरंट देतात. यात फाइल छोट्या तुकड्यांत येते, प्रत्येक तुकडा आल्याआल्या तपासला जातो, खराब असेल तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. लाइट दहा वेळा गेली तरी दहा वेळा तिथूनच पुढे. क्यूबिटटोरंट वापरा, मुक्त स्रोत आहे आणि जाहिराती नाहीत.

इंटरनेट डाउनलोड मॅनेजर चांगला आहे, त्यात वाद नाही. फक्त विंडोजवर चालतो, तीस दिवस फुकट आणि पुढे पैसे. रोज मोठ्या फाइली उतरवणं ज्यांचं काम आहे त्यांनी विकत घ्यावा. क्रॅक मात्र घेऊ नका. मी भाचीला ती ग्रुपवरची लिंक दाखवून विचारलं, या पानावर पहिलं वाक्य काय आहे? तिने वाचलं: 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' मी म्हटलं, अगं, घराचं कुलूप काढून ठेवा असं सांगणारा माणूस रात्री कशाला येणार आहे? त्याच कॉम्प्युटरवर तिचे बाबा बँकेचं काम करतात. तिने लिंक डिलीट केली.

फुकटात खिडकी-बटणांचा मॅनेजर हवा असेल तर फ्री डाउनलोड मॅनेजर बऱ्याच जणांना पुरतो. त्याच्याबाबत एक घडलेली गोष्ट माहीत असावी. २०२३ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी उघड केलं की २०२० ते २०२२ या काळात त्याच्या अधिकृत साइटवरून लिनक्स वापरणाऱ्या काही जणांना भलत्याच पत्त्यावर वळवून विषारी पॅकेज दिलं जात होतं. विंडोजवाल्यांना ती झळ नव्हती. म्हणून लिनक्सवर असाल तर मॅनेजर वेबसाइटवरून न घेता आपल्या लिनक्स वितरणाच्या (उदाहरणार्थ उबुंटूच्या) सॉफ्टवेअर सेंटरमधूनच घ्या. आरिया२, यूगेट, केडीई डेस्कटॉपवर केगेट, सगळे तिथे मिळतात.

मोट्रिक्स या मोफत मॅनेजरचं तोंड देखणं आहे आणि त्याच्या पोटात आरिया२च आहे. ज्याला काळ्या खिडकीत कमांड टाइप करण्याची भीती वाटत नाही त्याने सरळ आरिया२ वापरावा. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर अनेक वर्षं तोच आहे. जेडाउनलोडर एकाच वेळी पन्नास लिंका रांगेत लावणाऱ्यांसाठी. एका फाइलसाठी तो जड पडतो, आणि इन्स्टॉल करताना सोबत दुसरं काही गळ्यात पडत नाही ना हे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. फायरफॉक्सवाले अजून डाउनदेमऑल हे एक्स्टेन्शन सुचवतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद पडली. त्यानंतर नव्याने लिहिलेला डाउनदेमऑल एका पानावरच्या पुष्कळ फाइली उतरवायला उत्तम आहे, पण एका फाइलचे तुकडे करून ओढणं आता त्याला जमत नाही. जुन्या आठवणीवर विसंबून तो टाकू नका.

काहीच टाकायचं नसेल तर विंडोज १० मध्ये, २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून, कर्ल ही फाइल उतरवणारी कमांड आधीच आहे. कमांड प्रॉम्प्टवर तिला 'तुटलं तिथून पुढे चालू कर' असं सांगता येतं.

कोणताही घ्या, सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नका. सेटअप फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' आहे का आणि त्यात बनवणाऱ्याचंच नाव आहे का बघा. छोट्या मुक्त प्रकल्पांकडे ही सही नसतेही, मग फाइल त्यांच्या मूळ पानावरूनच घेतलेली असली पाहिजे. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाऊ नका, टिक केलेले चौकोन वाचा. मॅनेजर ब्राउझरमध्ये स्वतःचं एक्स्टेन्शन टाकायला सांगतो, त्याला बहुतेक वेळा 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी हवी असते. बँकेसाठी वापरता त्या ब्राउझरमध्ये मी ते टाकत नाही. लिंक कॉपी करून मॅनेजरमध्ये पेस्ट करायला चार सेकंद लागतात.

फाइल आल्यावर

भाचीच्या कॉम्प्युटरवर शेवटी आम्ही दोनच गोष्टी ठेवल्या: उबुंटूसारख्या फाइलींसाठी क्यूबिटटोरंट आणि लेक्चरांसाठी मोट्रिक्स, चार कनेक्शनवर. चौदा जीबीचे तुकडे उडवले. टोरंट रात्री साडेनऊला लावला. मध्ये लाइट दोनदा गेली, सकाळी फाइल तयार होती.

ती लगेच पेनड्राइव्हवर चढवायला निघाली, मी थांबवलं. ब्राउझरने किंवा मॅनेजरने 'पूर्ण' म्हटलेली फाइल बरोबरच असते असं नाही, आणि अर्धवट बिघडलेल्या आयएसओमुळे इन्स्टॉलेशन मध्येच अडकलं की दोष भलतीकडे शोधत दिवस जातो. टोरंटमध्ये तुकडे तपासलेलेच असतात, तरी सवय लागावी म्हणून तिला करायला लावलं. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक, विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स', मग 'सीआरसी एसएचए' आणि त्यात एसएचए-२५६. मिनिटभरात चौसष्ट अक्षरांची एक ओळ येते, तो त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. उबुंटूच्या डाउनलोडच्या पानाशेजारी 'एसएचए२५६सम्स' नावाची फाइल असते, तिच्यात आपल्या आयएसओच्या नावासमोर तशीच ओळ असते. दोन्ही जुळल्या पाहिजेत, एक अक्षरही इकडचं तिकडे नको.

ती स्क्रीनवरून एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेली, मी मोबाइलवर दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून. चौसष्टावं जुळलं तेव्हा तिने पेनड्राइव्ह लावला.

लेक्चरांचं अजून चालू आहे. दर रविवारी ती पोर्टलवर लॉगिन करते, ताजी लिंक कॉपी करते आणि एका वेळी एकच रेकॉर्डिंग लावते, म्हणजे मुदतीच्या आत उतरतं. पाच एकदम लावले की पाचांचीही मुदत संपते, हे तिने दिनदर्शिकेवरच्या नोंदींवरून स्वतःच शोधून काढलं.